बसल्या जागी पर्वतवास

डोंगराळ मुलखातील माणसे काटक असतात, सपाटीवरच्या माणसाला जेथे धाप लागते तेथे ती पाठीवर ओझे घेऊन सहज चढून जातात, हे निरीक्षण फार जुने आहे. थंड हवेच्या ठिकाणी महिना-दोन महिने राहून आलेल्या माणसाची भूक वाढते, चेहरा टवटवीत दिसतो, आणि 'हवापालट मानवला' असे घरची मंडळी म्हणतात. या समजुतीत तथ्य किती आणि कल्पना किती, हे पाहण्याचे काम गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी नेटाने केले आहे. त्यातूनच अलीकडे एक नवा प्रश्न पुढे आला. ज्याचे वय साठीच्या पुढे गेले आहे, ज्याचा दिवस खुर्चीत आणि पलंगावर जातो, ज्याला डोंगर तर राहोच, पण दोन मजल्यांचा जिनाही जड वाटतो, अशा माणसाला डोंगरावर न नेता डोंगरावरची विरळ हवाच त्याच्या खोलीत आणून दिली, तर त्याचा दमसास वाढेल काय?

प्रश्न वरवर गमतीचा वाटला तरी त्यामागे एक मोठी चिंता आहे. शरीर पराकाष्ठेचे श्रम करीत असताना दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दमसास मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोग्रॅममागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू पुरतो. निरोगी तरुणाचे शरीर प्रसंगी ४० मिलिलिटर किंवा त्याहूनही अधिक वापरू शकते. तिशीनंतर बैठ्या माणसाची ही कमाल मर्यादा दर दहा वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी खाली येते. ती १५ ते १८ मिलिलिटरांच्या आसपास उतरली, की आंघोळ, जिना, बाजारहाट ही साधी कामेसुद्धा शक्तीच्या अखेरच्या टोकाला जाऊन भिडतात. अशा वेळी माणूस आजारी नसतो. पण परावलंबी होतो. वार्धक्याचे खरे दुःख पुष्कळदा रोगापेक्षा या परावलंबनातच असते.

ही घसरण सगळी वयाचीच असते काय? अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेल्या एका प्रयोगाने या प्रश्नाला मार्मिक उत्तर दिले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांचा दमसास चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, १९९६ साली, पुन्हा तपासले. तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या निजून राहण्याने केले होते. पुढे सहा महिने त्यांना बेताबेताने चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांचा सराव दिला, तेव्हा वयाने घटलेला दमसास त्यांनी पुष्कळसा परत मिळवला. म्हातारपणाच्या नावावर जे जमा होते, त्यातला मोठा भाग बैठेपणाचा असतो, हा या प्रयोगाचा धडा आहे. म्हणूनच बैठ्या वृद्धाला पुन्हा उभे करण्याचा कोणताही उपाय दिसला, की वैद्यकाचे लक्ष तिकडे वळते.

डोंगरावरच्या हवेत असे असते तरी काय? पुष्कळांना वाटते, की तेथे प्राणवायूचे प्रमाण कमी असते. वस्तुतः समुद्रकिनारी काय किंवा हिमालयाच्या माथ्यावर काय, हवेतील प्राणवायूचा हिस्सा सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला वायुभारमापकातील पारा ७६० मिलिमीटर चढतो आणि त्यातला सुमारे १५९ मिलिमीटरांचा वाटा प्राणवायूचा असतो. लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हा दाब दोन-तृतीयांशापर्यंत उतरतो. ५,५०० मीटरांच्या सुमारास तो निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर केवळ एक-तृतीयांश उरतो. दाब कमी झाला, की फुप्फुसातून रक्तात शिरण्याचा प्राणवायूचा जोरही कमी होतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटरांचे. तेवढ्या उंचीवर या घटीचा परिणाम जेमतेम सुरू होतो. सुमारे १,५०० मीटरांच्या वर मात्र दर १०० मीटरांना माणसाचा कमाल दमसास साधारण १ टक्क्याने घटत जातो.

हे रहस्य उलगडून दाखवले ते फ्रान्सच्या पॉल बेर या शास्त्रज्ञाने. पॅरिस येथील प्रयोगशाळेत त्याने धातूच्या बंदिस्त कोठ्या तयार करवून घेतल्या, त्यांतील हवा पंपाने उपसून काढली आणि आत स्वतः बसून उंचीचा अनुभव घेतला. दाब कितीही उतरला तरी पुरेसा प्राणवायू हुंगला, की सारी लक्षणे नाहीशी होतात, असे त्याला आढळले. त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १५ एप्रिल १८७५ रोजी, 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच धाडसी पुरुष आकाशात चढले होते. त्यांच्यापाशी प्राणवायूच्या पिशव्या होत्या. तरीही सुमारे ८,००० मीटरांच्या वर गेल्यावर त्यांचे हात इतके निर्जीव झाले, की नळी तोंडाशी नेणेही जमले नाही. फुगा खाली आला तेव्हा तिघांपैकी एकटा गास्तों तिसांदिए जिवंत होता. प्राणवायूची तूट माणसाला आधी सूचना देऊन येत नाही, हे या घटनेने जगाला कळले. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पॉल बेरच्या कोठीतूनच कृत्रिम उंचीची कल्पना जन्मली. आज ती दोन प्रकारांनी साधतात. एक प्रकार म्हणजे बेरचाच: भक्कम कोठीतील हवेचा दाब कमी करावयाचा. वैमानिकांच्या शिक्षणासाठी अशा कोठ्या जगभर वापरल्या जातात; भारतीय हवाई दलाच्या बंगळुरू येथील, १९५७ साली सुरू झालेल्या वैद्यक संस्थेतही त्या आहेत. दुसरा प्रकार सोपा व स्वस्त आहे. त्यात दाब तोच ठेवून हवेत नत्रवायूचे प्रमाण वाढवतात, म्हणजे प्राणवायूचा हिस्सा आपोआप घटतो. २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के प्राणवायू ठेवला, की माणूस सुमारे २,७०० मीटरांवर गेल्यासारखा होतो. १२ टक्क्यांवर उतरवला, की सुमारे ४,४०० मीटरांवर. अशी हवा खोलीत सोडता येते किंवा नळी व मुखवटा यांच्या साहाय्याने खुर्चीत बसलेल्या माणसाला देता येते. बाजारात मिळणारे श्वास कोंडणारे मुखवटे मात्र या प्रकारात मोडत नाहीत. ते श्वास घेणे अवघड करतात, पण हवेतील प्राणवायू काही कमी करीत नाहीत. त्यांनी छातीच्या स्नायूंना कष्ट पडतील, पण डोंगर घडणार नाही.

विरळ हवेत गेल्याबरोबर शरीर गडबडीने काही उपाय योजते. मानेतील मोठ्या रोहिणीपाशी असलेल्या संवेदनशील पेशींना रक्तातील प्राणवायूची तूट कळते, श्वास जलद व खोल होतो, हृदयाचे ठोके वाढतात. ही झाली तातडीची व्यवस्था. सावकाश होणारी व्यवस्था अधिक खोल असते. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य स्रवू लागते, ते हाडांतील मज्जेला हुकूम देते, आणि मज्जा तांबड्या रक्तपेशी अधिक संख्येने घडवू लागते. १८९० साली फ्रान्सचा व्हिओ हा शास्त्रज्ञ पेरू देशातील मोरोकोचा या उंच खाणगावी गेला असता त्याला रक्तातील या पेशींची वाढ प्रथम मोजता आली. पण पेशीला तूट कळते कशी, याचा उलगडा व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. पेशींमध्ये एक प्रथिन सतत तयार होत असते आणि प्राणवायू भरपूर असला, की ते लगेच मोडीत निघते. प्राणवायू कमी पडला, की ते शिल्लक राहते, पेशीच्या केंद्रात शिरते आणि नवे रक्त, नव्या केशवाहिन्या, इंधन जाळण्याची काटकसर यांसाठी लागणारी जनुके जागी करते. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या ज्ञानाचा पहिला लाभ उठवला तो खेळाडूंनी. १९६८ साली ऑलिंपिक सामने मेक्सिको शहरात, सुमारे २,२४० मीटर उंचीवर, भरले. तेथे लांब पल्ल्याच्या शर्यतींत सपाटीवरचे नामांकित धावपटू मागे पडले. केनियाचे नाफ्ताली तेमू व किपचोगे केइनो आणि इथिओपियाचा मामो वोल्डे हे उंच पठारावरचे वीर सुवर्णपदके घेऊन गेले. तेव्हापासून उंचीवर जाऊन सराव करण्याची प्रथा वाढली. पण तेथे एक अडचण निघाली: विरळ हवेत जोराने धावताच येत नाही, त्यामुळे सराव मंदावतो. १९९७ साली बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी दाखवून दिले, की २,५०० मीटरांवर राहावे आणि १,२५० मीटरांवर उतरून धावावे, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात. रात्रीची झोप कृत्रिम उंचीच्या खोलीत आणि दिवसाचा सराव मोकळ्या हवेत, ही पद्धत याच विचाराची आहे.

तरुण खेळाडूला जे मानवते ते सत्तरीच्या गृहस्थाला मानवेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. वयोमानाने रक्तवाहिन्या ताठरतात, ठोक्यांची कमाल गती उतरते, फुप्फुसांची लवचिकता कमी होते. म्हणून पहिला प्रश्न लाभाचा नव्हे, तर सहन होण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनचे जुने सैनिक एकत्र जमत असत. त्या निमित्ताने लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ६८ वर्षे वयाच्या २० स्त्री-पुरुषांची तपासणी केली आणि १९९७ सालीच तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम कोठीत २,५०० मीटरांची कृत्रिम उंची निर्माण केली, तेव्हा त्यांचा दमसास १२ टक्क्यांनी घसरला. मग ती मंडळी प्रत्यक्ष तेवढ्याच उंचीवर पाच दिवस राहिली. पाचव्या दिवशी त्यांचा दमसास सपाटीवरच्या इतकाच भरला. म्हातारे शरीर जुळवून घेण्याची कला विसरलेले नसते, हे यातून दिसले. परंतु पहिल्या काही तासांत फुप्फुसातील रक्तदाब बराच चढतो आणि हृदयावर ताण येतो, हेही त्याच तपासणीत आढळले.

दुसरा प्रश्न लाभाचा. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे मार्टिन बुर्टशर आणि त्यांचे सहकारी यांनी ५० ते ७० वर्षे वयाच्या १६ पुरुषांवर एक प्रयोग केला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी आठ जणांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. ही मंडळी व्यायाम करीत नव्हती. नुसती बसून होती. काहींना तीन ते पाच मिनिटे १४ ते १० टक्के प्राणवायूची हवा, मग तीन मिनिटे साधी हवा, असे दिवसातून तीन ते पाच वेळा, तीन आठवडे देण्यात आले. बाकीच्यांना तसाच मुखवटा लावून साधीच हवा दिली. विरळ हवा घेतलेल्यांचा दमसास सुमारे ६ टक्क्यांनी वाढला, साध्या हवेच्या गटाचा किंचित उतरला. शिवाय पूर्वीइतकेच श्रम करताना विरळ हवा घेतलेल्यांची नाडी मंद चालू लागली. रक्तातील प्राणवाहक द्रव्य थोडे वाढले होते आणि श्रमाच्या वेळी रक्तातील प्राणवायू पूर्वीइतका खाली जात नव्हता, ही त्याची कारणे सांगण्यात आली.

युक्रेनमधील कीव येथे झालेला प्रयोग याहून बोलका आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत साठी ओलांडलेल्या निरोगी पुरुषांचे दोन गट होते: एक नित्य व्यायाम करणाऱ्यांचा आणि एक बैठ्यांचा. दोन्ही गटांना दहा दिवस, पाच मिनिटे १२ टक्के प्राणवायूची हवा आणि पाच मिनिटे साधी हवा, अशा चार आवृत्त्या देण्यात आल्या. बैठ्या गटाची मध्यम श्रम करण्याची क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांच्या क्षमतेत फरक पडला नाही. याचा अर्थ असा लावता येतो, की व्यायाम हीच मुळात एक छोटी पर्वतयात्रा आहे. झपझप चालणाऱ्याच्या मांडीच्या स्नायूत प्राणवायूचा दाब अगदी थोड्या मिलिमीटरांवर येतो, म्हणजे पेशींना तुटीची ती ओळख रोजच होत असते. जो वर्षानुवर्षे हललाच नाही, त्याच्या पेशींना ती विसरलेली हाक विरळ हवेने पुन्हा ऐकवली.

मग विरळ हवेतच व्यायाम केला तर दुप्पट लाभ होईल काय? जर्मनीत बैठ्या राहणीच्या सुमारे ३० वयस्कांना आठ आठवडे सायकलीचा सराव देऊन हे पाहिले गेले. त्याचा अहवाल २०१९ साली निघाला. अर्ध्यांना १५ टक्के प्राणवायूची हवा होती, अर्ध्यांना साधी. आणि कोणाला कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. सरावाचा फायदा झाला, पण विरळ हवेने त्यात विशेष भर पडल्याचे दिसले नाही. येथे एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. विरळ हवेत हृदयाला तितकेच काम कमी वेगाने चालूनही घडते. गुडघे धरलेल्या किंवा वजन फार वाढलेल्या माणसाला जोराने चालणे जमत नाही. त्याच्या हृदयाला पुरेसा व्यायाम देऊन सांध्यांना जपण्याचा हा एक मार्ग ठरू शकतो, असे काही शास्त्रज्ञ सुचवतात.

एवढे सांगून झाले, की दुसरी बाजू मांडणे भाग आहे. वरील प्रयोगांत माणसांची संख्या थोडी आणि अवधी आठवड्यांचाच होता. सहा किंवा अकरा टक्क्यांची वाढ खरी असली तरी ती किती काळ टिकते आणि तिने परावलंबन किती वर्षे पुढे ढकलले जाते, हे इतक्या अल्प मुदतीवरून ठरत नाही. शिवाय येथे औषध आणि विष यांत केवळ मात्रेचे अंतर आहे. २०१४ साली अँजेला नवार्रेते-ओपासो आणि गॉर्डन मिचेल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. ९ ते १६ टक्के प्राणवायूची हवा दिवसातून ३ ते १५ वेळा दिली तर हित होते. प्राणवायू २ ते ८ टक्क्यांवर उतरवून तोच खेळ दिवसातून ४८ ते २,४०० वेळा केला तर अपाय होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. झोपेत घोरता घोरता ज्यांचा श्वास वारंवार अडतो, त्यांना रात्रभर नकळत हीच शिक्षा भोगावी लागते, आणि त्यातून त्यांचा रक्तदाब वाढतो. अखंड उंचीवर राहणाऱ्या काही लोकांच्या रक्तातील तांबड्या पेशी इतक्या वाढतात, की रक्त घट्ट होऊन तेच दुखणे बनते. पेरूच्या कार्लोस मोन्खे या वैद्याने १९२५ साली त्याचे वर्णन केले.

उंचीचे भय भारताला वेगळे सांगावयास नको. हिमालयाच्या सरहद्दीवर तडकाफडकी नेलेल्या सैनिकांना होणाऱ्या पर्वतव्याधीचा अभ्यास इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९६९ साली १,९२५ सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. ते जवान तरुण व धडधाकट होते, तरी त्यांना डोकेदुखी, वांती आणि निद्रानाश यांनी ग्रासले. आजही लेहला जाणाऱ्या सैनिकाला प्रथम काही दिवस सक्तीने विश्रांती व मग हळूहळू हालचाल, हा नियम पाळावा लागतो. केदारनाथ सुमारे ३,५०० मीटरांवर आहे; तेथे भक्तिभावाने जाणाऱ्या वयोवृद्ध यात्रेकरूंनीही हाच नियम पाळावा हे बरे.

तेव्हा कृत्रिम उंची हा घरी करून पाहण्याचा प्रयोग नव्हे. नत्रवायूला रंग नाही, वास नाही. गुदमरल्याची जी भावना होते ती मुख्यतः अंगारवायू साचल्याने होते, प्राणवायू घटल्याने नव्हे; म्हणून 'झेनिथ'मधील प्रवाशांप्रमाणे माणूस शांतपणे शुद्ध हरपतो. बोटाला लावण्याचे प्राणवायुमापक आणि जवळ उभा असलेला जाणता वैद्य यांच्यावाचून अशी हवा घेणे धोक्याचे आहे. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना फुप्फुसाचा जुनाट विकार, तीव्र रक्तक्षय किंवा विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

बैठ्या वृद्धाने करावे तरी काय, याचे उत्तर या साऱ्या संशोधनातूनच मिळते. ज्या पेशींना विरळ हवा जागे करते, त्याच पेशींना पायही जागे करू शकतात, आणि त्याला कोठी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार आठवड्यातून एकंदर १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढील माणसांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव ठेवावा. ज्याला एकदम एवढे झेपत नाही त्याने दहा मिनिटांपासून आरंभ करावा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग ठेवावा. आणि छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. ज्याला सांध्यांमुळे किंवा दीर्घ आजारामुळे चालताच येत नाही, त्याच्यासाठी विरळ हवेचा उपाय उद्या वैद्यांच्या हाती एक उपयुक्त साधन ठरेलही. परंतु ज्याचे पाय चालते आहेत, त्याचा पर्वत त्याच्या घराच्या जिन्यापाशीच उभा आहे. डॅलसच्या पाच जणांना तो पन्नाशीत पुन्हा चढता आला. आणि त्यासाठी त्यांना चालणे, धावणे व सायकल यांहून वेगळे काही लागले नाही.